मागच्या सीटचा मान

जुनी गाडी विकणारा माणूस हमखास सांगतो की गाडी एका डॉक्टरची होती, फक्त दवाखान्यात जायची-यायची आणि मीटर शंभर टक्के खरं आहे. या हिशेबाने आपल्या जिल्ह्यात माणसांपेक्षा डॉक्टर जास्त असायला हवेत. मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. गाडी आपटल्यावर मालक घडाघडा खोटं बोलतो, पत्रा बोलत नाही, हे माझं आयुष्यभराचं शहाणपण. म्हणून मोबाईलवर ती जाहिरात आली तेव्हा मी आधी हसलो. ‘उघड्या टपाची जुनी गाडी. उत्तम स्थितीत. फारच कमी चाललेली. वडनेर, तालुका हिंगणघाट.’ मग खालचा फोटो पाहिला आणि हसणं राहून गेलं.

सायीच्या रंगाची गाडी होती, आत लाल सीटा, मागे नीट घडी घालून ठेवलेला काळा टप. कंपनीचं नाव सांगत नाही; धंद्यामुळे तशी सवयच लागली आहे. सत्तर वर्षांपूर्वीची असावी. बोनेटवर उन्हाचा एक कवडसा असा पडला होता की मी जेवण सोडून फोटो मोठा करून पाहत बसलो.

याला कारणही होतं. यंदा शाल्मलीचं लग्न ठरलं. आमची एकुलती एक पोर. मुलगा नागपूरचा, अभिराम. साक्षगंध झालं होतं, लग्न महिन्याभरावर आलं होतं. नवरदेवाला जानवशावरून मांडवापर्यंत वाजतगाजत आणायची गाडी मुलीकडच्यांनी करायची, ही आमच्याकडची रीत. वर्ध्यात तशा गाड्या भाड्याने मिळतात. एकीला थर्माकोलचा मोर लावलेला आहे आणि दुसरीला हंसाची जोडी, तिच्यातल्या एका हंसाची मान मोडलेली. माझ्या जावयाने मोराच्या पोटात बसून मांडवात यावं हे मला सोसवेना. पोरगी जाणारच होती. निदान तिला न्यायला येणाऱ्याला मी स्वतःच्या हाताने, चांगल्या गाडीतून आणावं, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी घरी बोललो नाही. घरी एवढंच सांगितलं की भाव चांगला आहे.

लीना शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे तिचे टोमणे शुद्ध असतात. ती म्हणाली, “घरात एक जुनं वाहन आहे. आवाज फार करतं आणि जागेवरून हलत नाही. तेवढं मला पुरे आहे.”

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि निघालो. हे घड्याळ मी कायम पाच मिनिटं पुढे ठेवतो, म्हणजे कुठेच उशीर होत नाही. लीना म्हणते, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात पाच मिनिटं आधी म्हातारा झालेला हा एकच माणूस.

वडनेरला मी बसने गेलो. गावाबाहेर रूपरावांचं शेतातलं घर, बाजूला कापसाची खोली. वेचणी सुरू होती. अर्ध्या खोलीत छताला टेकलेला पांढरा ढीग आणि उरलेल्या अर्ध्यात गोधडी पांघरलेली ती. रूपराव साठीचे, बोलायला सरळ. त्यांनी गोधडी काढली ती झोपलेल्या पोराच्या अंगावरून काढतात तशी, हळूच.

मी सवयीने चुका शोधायला लागलो आणि मला चुका सापडेनात. पेडलच्या रबरावरच्या रेघा शाबूत होत्या, स्टिअरिंगला हाताचा डाग नव्हता. दार लावलं की जाड वहीचा पुठ्ठा मिटावा तसा आवाज यायचा. मीटरवरचा आकडा इतका लहान होता की फिरवून मागे आणणाऱ्यालाही तेवढा लहान ठेवायची लाज वाटली असती. मी चारही बाजूंनी बघितलं, खाली वाकून बघितलं. मीटर खरं होतं.

मग मागे जाऊन उभा राहिलो. गाडी डावीकडे कललेली होती, मागच्या चाकापाशी चार बोटं खाली. आणि मागच्या सीटची डावी बाजू दबलेली, तिथला लाल रंग बसून बसून काळपट झालेला. बाकी सगळी सीट नवीकोरी.

मी विचारलं, मागे डावीकडे कोण बसतं?

“जावई,” रूपराव म्हणाले. विहिरीला पाणी आहे, असं सांगावं त्या आवाजात.

पुढची हकिकत त्यांनी बोनेट पुसता पुसता सांगितली. गाडी त्यांच्या आजोबांनी घेतली होती ती त्यांच्या आत्याच्या लग्नासाठी. नवरदेवाला तिच्यात बसवून वाजतगाजत मांडवाच्या दारापर्यंत आणलं. तिथे नवरदेव रुसला. आता नवरदेवाचं रुसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तो गाडीतून उतरत नाही, सासऱ्याने यावं, काही हातावर ठेवावं, ‘उतरा जावईबापू’ म्हणावं, की स्वारी उतरते. दोन्हीकडचे हसतात, बँडवाला पुन्हा सुरू करतो. या नवरदेवाला घड्याळ हवं होतं. आजोबा मात्र त्याच्याहून हट्टी निघाले. ते म्हणाले, बसू द्या, भूक लागली का उतरंल.

“मग?” मी म्हटलं.

“मंग काय, बसलाच थो. पंगती उठल्या तवा लोकायले दिसत होता. मंग दिसला नाई. पण उतरताना बी त्याले कोणी पाह्यलं नाई.”

मी विचारलं, शोधलं नाही का? शोधलं की, ते म्हणाले, विहिरीत गळ टाकले, पोलीस आले, त्याच्याकडची माणसं वर्षभर येत होती. आत्याला पुढच्या साली आर्वीकडे दिलं. गाडीचं काय करणार, ठेवली धुऊनपुसून. कधी कुणाच्या वरातीत काढली तर मांडवापर्यंत जाते आणि तिथे बंद पडते. मग नवरदेव उतरून पायी जातो. म्हणून फार चालली नाही.

विक्रेत्यांच्या थापा मी खूप ऐकल्या आहेत, पण थाप ही माल चांगला दिसावा म्हणून मारतात. ही मला नवीनच होती. मी मनातल्या मनात लिहून टाकलं : मागील डावे स्प्रिंगचे पाटे वयोमानाने बसलेले, बदलून मिळतील. भाव ठरला. आता का विकता, असं विचारलं तर रूपराव म्हणाले की पोरं पुण्याला आहेत, त्यांच्यामागे एवढं सांभाळणार कोण.

निघताना त्यांची आई बाहेर आली. विमलाबाई, नव्वदीच्या घरातल्या. आत्याच्या लग्नाच्या वेळी त्या नवीन सून होत्या म्हणे. माझ्याशी बोलताना त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता. गाडी खोलीतून बाहेर आली तसा त्यांनी तो घाईने ओढून घेतला आणि बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. जाता जाता माझ्यापाशी आल्या.

“बापू, घरी गेल्यावर तुमी तुमचं उतरजा. मागं पाहून कोणाले उतरा म्हणू नका.”

मी हो म्हटलं. वयस्कर माणसांना मी नेहमी हो म्हणतो. काही करावं लागत नाही.

गाडी सुरेख चालत होती, फक्त वेगाने चालत नव्हती. पाय कितीही दाबा, ती आपली बँडच्या मागे चालल्यासारखी. हिंगणघाट गाठेपर्यंत मला एका बैलगाडीने मागे टाकलं. गाडीवानाने मागे वळून माझ्या मागच्या सीटला रामराम केला. मी म्हटलं, बरं. उघड्या गाडीला लोक रामराम करतात, कौतुकाने.

वायगावला चहाला थांबलो. टपरीवाल्याने न विचारता दोन कप आणले. एक मला दिला, दुसरा मागच्या सीटपाशी दाराच्या काठावर ठेवला आणि जाताना जरा वाकला. मी सांगितलं, मी एकटाच आहे. तो गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला.

“पाहुण्याइसमोर असं बोलू नोका साहेब,” तो हळूच म्हणाला, आणि दोन्ही चहांचे पैसे घेतले. मी पैसे दिले. एवढ्याशा गोष्टीवरून भांडणं बरं दिसत नाही. कप परत घेतला तेव्हा तळाशी साखर उरली होती. वाऱ्याने सांडला असेल, असं मी ठरवलं. वारा नव्हता.

बोरगाव मेघेला आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. लीना ओवाळायला तबक आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभी होती. गाडीला नावं ठेवणं वेगळं आणि घरी आलेल्या गाडीला न ओवाळता आत घेणं वेगळं, हे तिलाही कळतं. शाल्मली सुट्टी घेऊन आली होती, ती पायरीवर उभी राहून फोटो काढत होती. शेजारच्या शकुंतलाबाई आल्या. त्यांना बोलवावं लागत नाही.

फाटकाच्या ऐन रेघेवर गाडी थांबली. इंजिन चालू होतं, गियर पडत होता, चाक हलत नव्हतं. मी खाली उतरलो. ब्रेक सुटे होते, पेट्रोल होतं. चार जणांनी ढकललं, मग सहा जणांनी. गाडी इंचभर सरकली नाही. मागून पाण्याचा टँकर आला आणि हॉर्न वाजवायला लागला. टँकरमागे कचऱ्याची घंटागाडी, तिचं गाणं चालू. गल्लीतलं पाणी माझ्यामुळे अडलं म्हटल्यावर ज्यांना मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं तेही शेजारी बाहेर आले. माझ्या अंगावरचा शर्ट घामाने चिकटला. गाड्यांतला जाणकार म्हणून मिरवणारा माणूस स्वतःच्या फाटकात अडकला होता आणि पोरगी त्याचाही फोटो काढत होती.

शकुंतलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “नवरदेव रुसल्यावानी बसली ना गाडी. भाऊ, काई द्या लागते त्याले. सासरा कोण? तुमीच ना.”

लोक हसले. टँकरवाला पण हसला.

म्हातारीचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्याच्यानेच चेव आला. मी शिकलेला माणूस, पंचवीस वर्षं पत्र्यावर भरवसा ठेवलेला. एका गाडीला घाबरून लोकांसमोर गप्प बसू? मनगटावरचं घड्याळ काढलं, मागच्या सीटच्या डाव्या बाजूला ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “उतरा जावईबापू. घर तुमचंच आहे.”

सगळे पुन्हा हसले. मग हसणं थांबलं.

गाडीचा मागचा डावा भाग वर आला. सावकाश, चार बोटं. जड माणूस उतरल्यावर येतो तसा.

लीनाने तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. गर्दी जरा मागे सरली आणि फाटकापासून दारापर्यंत वाट मोकळी झाली. शकुंतलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि मग स्वतःच्याच हाताकडे पाहिलं.

त्यानंतर गाडी एका बोटाने ढकलली तरी आत आली.

घड्याळ सीटवर नव्हतं. खाली पडलं असेल म्हणून मी सीट काढून पाहिली. गर्दीत कुणी उचललं असेल, असं लीना म्हणाली. मी गल्लीतल्या एकेकाचं तोंड आठवत बसलो. आमच्या गल्लीतली माणसं भोचक आहेत, पण चोर नाहीत, हे मलाच मान्य करावं लागलं.

पुढचे काही दिवस तसे सुरळीत गेले. गाडी आता सुसाट पळायची. पाटे बदलायला मेकॅनिककडे नेली तर तो म्हणाला, पाट्यांना काही झालेलंच नाही. घरात एवढंच, की लीना जेवायला एक ताट जास्त मांडायची. विचारलं तर म्हणायची, हाताला सवय लागली बाई. कसली सवय, ते तिला सांगता यायचं नाही. भाजीत तिखट कमी पडायला लागलं. मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, “सगळ्यांना चालत नाही,” आणि सगळे कोण हे न सांगता जास्तीच्या ताटात भाजी वाढली.

रविवारी अभिराम गाडी बघायला आला. चांगला मुलगा, हसरा, वाकून नमस्कार करणारा. बैठकीत आला आणि सोफ्यावर बसता बसता पटकन उठला.

“सॉरी,” तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही.

मग खुर्चीकडे गेला, तिच्यापाशी थांबला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. लीनाने चहा आणला, तर पहिला कप तिने सोफ्यासमोर ठेवला आणि दुसरा त्याला दिला. त्याने उभ्याउभ्याच प्यायला. शाल्मली त्याच्याशी बोलत होती, पण पाहुण्याशी बोलतात तसं. प्रवास कसा झाला, ट्रेनला गर्दी होती का. साक्षगंधाच्या दिवशी याच दोघांना बोलता बोलता जेवायचं भान राहिलं नव्हतं.

मी त्याला गाडी दाखवायला नेलं. त्याने गाडीकडे नीट पाहिलंही नाही. रुमालाने कपाळ पुसत राहिला.

“काका, तुमच्याकडे पाहुणे आहेत. मी नंतर कधीतरी येतो.”

मी म्हटलं, पाहुणे कुठे आहेत? त्याने माझ्या खांद्यावरून घराच्या दाराकडे पाहिलं, अदबीने मान लववली आणि रिक्षा थांबवली.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. मुलाला बरं वाटत नाही, तारीख जरा पुढे ढकलू या का. मी बाहेर जाऊन गाडीच्या चाकाला लाथ मारली. ज्याच्यासाठी गाडी आणली तो निघून गेला होता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती गाडीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वडनेरला निघालो. वाटेत कुणी रामराम केला नाही. वायगावच्या टपरीवाल्याने एकच कप आणला.

रूपराव खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी गाडीच्या पुढच्या भागाकडे पाहिलंच नाही. मागे गेले, वाकले आणि डाव्या बाजूचं अंतर हाताने मोजलं. मी काय म्हणायचं ते घोकून आलो होतो. भाव कमी द्या, वाटलं तर काहीच देऊ नका, पण ठेवून घ्या.

विमलाबाई बाहेर आल्या. पदर खांद्यावरच होता. त्या मागच्या सीटवर, दबलेल्या जागी, हात फिरवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“उतरले म्हणा,” त्या म्हणाल्या. “लय दिवस बसले बिचारे.”

रूपरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“गाडीचं काय हाय साहेब, गाडी घेतो ना मी वापस. आता काऊन नाई घेणार?” ते म्हणाले. “पण जावई वापस करता येते का कोणाले?”

मी गाडी तिथेच सोडली आणि बसने परतलो. खिडकीतून कापसाची शेतं दिसत होती, बाया वाकून वेचत होत्या. मी स्वतःला समजावत राहिलो. पाटे मोकळे झाले. मुलाला ताप आला. लीना दमली आहे. एकेक नोंद बरोबर होती. अशा नोंदी जोडून मी आजवर शेकडो अहवाल दिले आहेत, आणि एकही परत आलेला नाही.

घरी आलो तेव्हा शाल्मली व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसली होती. चेहरा निवांत होता. कितीतरी दिवसांनी तिला तशी पाहिली. मला हायसं वाटलं.

ती झोपाळ्याच्या एका कडेला बसली होती. मी जवळ आलो तेव्हा आणखी थोडी सरकली. माझ्यासाठी नाही. ती सरकली त्याच बाजूला मी उभा होतो.

झोपाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या सारख्याच ताणलेल्या होत्या.

“बाबा, अभिरामच्या आईंना सांगून टाका,” ती म्हणाली. “उगीच थांबवून ठेवणं बरं नाही.”

सवयीने मनगटाकडे पाहिलं, तिथे फक्त पट्ट्याचा पांढरा वण होता. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “किती वाजले गं?”

तिचा फोन आत चार्जिंगला होता. हातात घड्याळ ती कधी घालत नाही. तिने शेजारी जरासं वाकून पाहिलं, आपल्या माणसाच्या मनगटावर पाहतात तसं.

“पाच वीस,” ती म्हणाली.

मी आत गेलो. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.